चढावर चिरे नेताना छोट्या ट्रॅक्टरची काळजी

कोकणात बरीच घरे डोंगरउतारावर असल्यामुळे जांभ्या दगडाचे चिरे आणि सिमेंट अनेकदा छोट्या ट्रॅक्टरने वर न्यावे लागते. एक चिरा साधारण ३० किलोचा धरला, तर २० चिऱ्यांचेच ६०० किलो होतात. तेव्हा सपाटीवर सहज ओढली जाणारी ट्रॉली चढावर निम्मीच भरावी. दोन चाकांच्या ट्रॉलीत चिरे आसाच्या किंचित पुढे रचावेत, कारण भार मागे गेल्यास ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारा जोडदांडा वर उचलला जाऊन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते, आणि फार पुढे आल्यास ट्रॅक्टरचे तोंड हलके होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होते. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडावी. वरच्या टॉपलिंकच्या (अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याच्या) जागेला साखळी बांधून ओढल्यास ट्रॅक्टर मागे उलटू शकतो, आणि ही सवय दुर्दैवाने बरीच दिसते. डाव्या-उजव्या चाकांची दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने एकत्र जोडून, चढ लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा व मध्ये तो बदलू नये. उतरतानाही तोच गिअर ठेवावा, क्लच मुळीच दाबू नये. ट्रॉलीवर कोणालाही बसवू नये. चाकाला लावायचा ठोकळा घेतलेला गडी मागून नव्हे, बाजूने चालावा. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर चाक जागच्या जागी फिरू लागले की तिथेच थांबून चिरे उतरवावेत.