आयडीवर अडकलेले पैसे: तक्रार कुठे, कशी आणि नेमकी कशाची

ऑनलाइन सट्ट्याच्या किंवा पैशांच्या खेळाच्या आयडीवर, म्हणजे तिथल्या खात्यावर, जिंकलेली रक्कम स्क्रीनवर दिसते, ‘विड्रॉल’ दाबलं की ‘पेंडिंग’. अशा वेळी सगळ्यात आधी एक गोष्ट पाळा: पैसे सोडवायला म्हणून आणखी एक रुपयाही भरू नका. ‘84,000 वर 30 टक्के कर होतो, 25,200 आधी टाका, तासाभरात सोडतो’ असा मेसेज आला तर ती सरळ फसवणूक आहे. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएसचा नियम 1 एप्रिल 2023 पासून आहे हे खरं, पण तो देणाऱ्यानं देतानाच कापायचा असतो. कुणाच्या तरी यूपीआयवर तो आगाऊ भरायचा नसतो.

मग समोर कोण आहे ते बघा. भारतीय कंपनीचं जुनं अ‍ॅप असेल तर ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. तिथं प्रश्न जुन्या शिल्लक रकमेचा. अशा ठिकाणी पैसे बहुधा केवायसीत, म्हणजे ओळख पडताळणीत, अडकतात. पॅनवर ‘ज्ञानेश्वर’, बँकेत ‘ज्ञानोबा’, किंवा खातं वडिलांचं आणि आयडी मुलाचा. नाव जुळवून घ्या, तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा.

परदेशी साइट असेल तर तिच्या नियमांत बोनसची अट वाचा. 1,000 रुपयांच्या बोनसला 20 पट टर्नओव्हर लावला असेल तर 20,000 रुपयांचे डाव होईपर्यंत विड्रॉल अडतो. एकाच फोनवर दोन आयडी चालवले तरी अडतो. या दोन्ही गोष्टी नसतील तर एकच ईमेल लिहा: युजर आयडी, रक्कम, विनंतीची तारीख, कोणत्या नियमाखाली पैसे रोखले हा प्रश्न आणि उत्तराला सात दिवस. शिव्या नकोत, तोच ईमेल पुढे कागद म्हणून लागतो. साइटच्या तळाशी परवान्याचा क्रमांक असतो. माल्टासारख्या ठिकाणचा परवाना असेल तर तो तिथल्या नियामकाच्या संकेतस्थळावर स्वतः शोधून तपासा, साइटवरचं चित्र पुरावा धरू नका. क्रमांक खरा निघाला तर साइटकडची लेखी तक्रार संपल्यावर त्रयस्थ तंटा निवारण संस्थेकडे जाता येतं.

पण लातूर, बीड, परभणीकडे बहुतेकांचा आयडी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एजंटाकडून आलेला असतो. तिथं ना परवाना, ना नियम, ना पत्ता. दर वेळी पैसे टाकायला नवा यूपीआय, आणि ती सगळी भाड्यानं घेतलेली खाती. हा तिसरा प्रकार थेट पोलिसांचा.

इथं तक्रारीचे शब्द फार महत्त्वाचे. ‘जिंकलेले पैसे दिले नाहीत’ एवढंच लिहिलं तर हात रिकामे राहतात, कारण भारतीय करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल; जिंकलेल्या रकमेसाठी दिवाणी दावा चालत नाही. लिहायचं ते खोटं सांगून काढून घेतलेल्या पैशांबद्दल: कर, ‘खातं अनलॉक’, ‘व्हीआयपी फी’ असं सांगून अमुक तारखेला अमुक यूपीआयवर इतके भरायला लावले. आकड्यात मांडायचं तर 84,000 विसरा, 25,200 मागा.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत, म्हणजे पहिल्या काही तासांत, तिथंच गोठवता येतात. दोन आठवड्यांनी ते एटीएममधून निघून गेलेले असतात. सोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा आणि पोचक्रमांक जपा. प्रत्येक व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक), समोरचा यूपीआय आयडी आणि बँकेनं दाखवलेलं नाव वेगवेगळ्या ओळीत लिहा. शिल्लक रक्कम, युजर आयडी आणि साइटचा पत्ता एकाच चौकटीत येईल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. चॅट एक्सपोर्ट करा, पण मूळ चॅट पुसू नका, फोन रीसेट करू नका.

नंतर जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात जा. पुण्यात असताना पैसे गेले म्हणून नांदेडचं ठाणं परत पाठवू शकत नाही. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवण्याची, म्हणजे झिरो एफआयआरची, सोय आहे. नोंद घेतलीच नाही तर अर्ज पोलीस अधीक्षकांकडे स्पीड पोस्टानं, आणि तिथंही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक 15100.

खेळलो म्हणून आपल्यावरच येईल, या भीतीनं पुष्कळ जण गप्प बसतात. 2025 च्या कायद्यातली शिक्षा खेळ चालवणारा, जाहिरात करणारा आणि पैशांची वाट करून देणारा यांना आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. मात्र कमिशनवर दुसऱ्यांना आयडी वाटले असतील किंवा खातं भाड्यानं दिलं असेल तर आधी वकिलाला भेटा.

कधी उलटंच घडतं: जिंकलेले 5,000 आले आणि बँक खात्यालाच होल्ड लागला, म्हणजे पोलिसांच्या सांगण्यावरून व्यवहार रोखले गेले. ते पैसे दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतले असतात. बँकेकडून लेखी घ्या: कोणत्या राज्याचं ठाणं, तक्रार क्रमांक काय, रक्कम किती. त्या ठाण्याला खातेउतारा पाठवून फक्त वादातली रक्कम रोखा, बाकी खातं खुलं करा अशी विनंती करा. सोयाबीनचे किंवा पगाराचे पैसे त्याच खात्यात असतील तर हे आधी करा. महिन्याभरात बँकेनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, चौकशीचा क्रमांक 14448. पण ठाण्याचा होल्ड तो उठवत नाही, बँकेच्या टाळाटाळीवरच बोलतो.

आणि ‘तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फक्त 2,000 फी’ म्हणणारा टेलिग्रामवर भेटला, तर त्याचाही नंबर त्याच तक्रारीत जोडा.