आधी दस्ता, मग बोअर

उसात रानडुकरांचा धुडगूस वाढला की साताऱ्याकडचे शेतकरी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर रायफल बघतात आणि पहिला प्रश्न बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा. त्यात फार निवड नाहीच: परवान्यावरचाच घ्यावा लागतो, .३१५ ची काडतुसं तर देशातच बनतात. पारखायचा तो दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग. लांबी बदलणारा असेल तर ती जुळवून घेता येते. पण आधी बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारा खिट्टा, उघडून रायफल रिकामी असल्याची खात्री करा. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या खळीत टेकवा. बोटाचं पहिलं पेर चापापर्यंत पोचायला हवं. मग डोळे मिटून खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. रायफलवरच्या दुर्बिणीत काळी कड दिसली तर डोळा मध्यावर नाही; दस्त्यावरची गालपट्टी वर-खाली करा. आणि हो, हत्याराचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते.