स्पेअर डिस्क लावताना या चुका टाळा

दीड दिवसाचा गणपती पोचवून दुसऱ्या दिवशी फोंड्यातल्या एका फोटो स्टुडिओत गेलो. त्यांचा सर्व्हर मीच बसवला होता. चार टीबीच्या चार डिस्कचा रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो अशी जोडणी) आणि पाचवी स्पेअर, म्हणजे गेलेल्या डिस्कची जागा आपोआप घेणारी राखीव डिस्क. रेडची स्थिती दाखवणारी लिनक्सची एमडीस्टॅट फाइल उघडली, तर चौकटी कंसात तीन ‘यू’ (म्हणजे चालू डिस्क) आणि चौथ्या जागी नुसती रेघ. सुट्टीत एक डिस्क गेली होती आणि पाचवी खणात नुसतीच फिरत होती. आणखी एक गेली असती तर वर्षभरातल्या लग्नांचे फोटो गेले असते.

चूक माझीच. डिस्क खणात सरकवली म्हणजे स्पेअर झाली असं नाही. एमडीएडीएम या लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती रेडला ‘अ‍ॅड’ करावी लागते. मग एमडीस्टॅटमध्ये तिच्या नावापुढे कंसात ‘एस’ दिसतं. ते अक्षर डोळ्यांनी बघितल्याशिवाय जागेवरून उठू नका.

अ‍ॅड करायला गेलो तर उत्तर आलं, डिस्क लहान आहे. लेबल दोन्हींवर चार टीबीचंच, पण कंपनी बदलली की सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे, थोडे कमी-जास्त असू शकतात आणि रेडला लागते त्याहून लहान डिस्क चालत नाही. चवथीत दुकानं बंद, शेवटी पणजीहून ओळखीतली डिस्क उसनी आणली. तेव्हापासून मी अख्खी डिस्क रेडला देत नाही. पार्टिशन करतो आणि शेवटी शंभरेक एमबी मोकळे सोडतो. विकत घेतानाही बाइटचा नेमका आकडा जुळवतो.

वापरलेली डिस्क असेल तर जुन्या रेडची खूण, म्हणजे सुपरब्लॉक, आधी पुसा. नवी असो वा जुनी, स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येत-तपासणीची, लांब चाचणी रात्रभर लावा. एसएमआर डिस्क (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी) स्वस्त मिळते, पण रीबिल्डला, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा दुसरीवर पुन्हा उभारताना, रडवते. घेऊच नका.

झेडएफएस (डिस्कची जोडणी आणि फाइल दोन्ही सांभाळणारी प्रणाली) वापरणाऱ्यांनी एका शब्दाला जपावं. पूलमध्ये, म्हणजे तिच्या डिस्कच्या गटात, नवी डिस्क घालताना ‘स्पेअर’ लिहायचं राहिलं आणि इशारा डावलून जबरदस्ती केली, तर ती एकटी डिस्क पूलचा भाग होते. पूलमध्ये रेडझेड (झेडएफएसची रेड ५ सारखी जोडणी) असेल तर ती पुन्हा काढता येत नाही.

ईमेलचा इशाराही लावाच. स्पेअर गुपचूप कामाला लागली आणि कुणाला कळलंच नाही, तर पुढच्या वेळी राखीव काहीच नसतं. एमडीएडीएमच्या मॉनिटरला चाचणीचा ईमेल पाठवता येतो. तो खरंच पोचतो का बघा.

आणि ताजा बॅकअप हातात असेल तर एक डिस्क मुद्दाम ‘फेल’ करून बघा. चार टीबीच्या रीबिल्डला सेकंदाला दीडशे एमबीचा वेग धरला तरी सात-साडेसात तास लागतात. तेवढ्यात वीज गेली तर यूपीएसने सर्व्हर नीट बंद करायला हवा. त्या स्टुडिओत ही चाचणी मी आता दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी घेतो.