पेरणीपूर्वी ट्रॅक्टरचे हेड उतरवताना पिस्टनची स्थिती आणि इंजिनाची काळजी

उन्हाळी नांगरट आटोपल्यावर पेरणीपर्यंत जे थोडे दिवस हाती राहतात, त्यांतच ट्रॅक्टरच्या इंजिनाचे राहिलेले काम उरकून घ्यावे. बाहेर कोठेही गळती नसताना रेडिएटरचे पाणी वरचेवर कमी होणे, थंड इंजिन झाकण काढून चालू केल्यास पाण्यात सतत बुडबुडे येणे आणि रोटाव्हेटरच्या ओढीला तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्यात जाणे, ही हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या सांध्यातील पातळ थर) गेल्याची नेहमीची लक्षणे आहेत. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ थर दिसल्यास ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे हे नक्की. मात्र त्याचे कारण गॅस्केटच असेल असे नाही, लायनरच्या (ज्यात पिस्टन वर-खाली होतो त्या नळीच्या) तळाची रबरी ओ-रिंग गेली तरीही तसेच होते. अशा स्थितीत इंजिन चालवत राहिल्यास बेअरिंग जातात, म्हणून ट्रॅक्टर तेथेच थांबवावा.

हेड उतरवताना बोल्ट, गॅस्केट आणि व्हॉल्व्ह यांकडे सर्वांचे लक्ष असते, पण खाली पिस्टन कोणत्या स्थितीत आहेत हे क्वचितच पाहिले जाते. ती स्थिती हेड उचलण्यापूर्वी ठरवावी आणि हेड उतरल्यावर क्रँक (पिस्टनना जोडलेला फिरता दांडा) फिरवू नये, हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे.

चार स्ट्रोकच्या इंजिनात एक चक्र पूर्ण होण्यासाठी क्रँकचे दोन फेरे, म्हणजे 720 अंश लागतात. त्यामुळे प्रत्येक पिस्टन एका चक्रात दोनदा अगदी वर, म्हणजे टीडीसीला येतो: एकदा हवा दाबून आणि एकदा धूर बाहेर ढकलून. फ्लायव्हीलवरची किंवा पुलीवरची खूण या दोहोंतील फरक सांगत नाही. तो रॉकरवरून, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या हातांवरून, ओळखावा. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलत असतील तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत आणि तो दाबाचा टीडीसी आहे. दोन्ही रॉकर घट्ट असून एक व्हॉल्व्ह मिटत आणि दुसरा उघडत असेल, तर तो दुसरा टीडीसी आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात व तेव्हा दुसरा आणि तिसरा तळाशी असतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचे हात 120 अंशांवर असल्याने एक पिस्टन वर असताना उरलेले दोन्ही तीन-चतुर्थांशाहून अधिक खाली गेलेले असतात.

हेड उचलले की टायमिंग (पिस्टन, व्हॉल्व्ह आणि डिझेल पंप यांच्या वेळांचा मेळ) हलते असा समज सर्वत्र आढळतो. ज्या ट्रॅक्टरमध्ये कॅम (व्हॉल्व्ह उघडवणारा दांडा) ब्लॉकमध्ये असून गिअरवर फिरतो आणि व्हॉल्व्ह पुशरॉडने उघडतात, त्यांत केवळ हेड काढल्याने टायमिंग हलत नाही. डिझेल पंप किंवा पुढील गिअर काढायचे असतील तरच पहिला पिस्टन दाबाच्या टीडीसीवर आणून खुणा तपासाव्या लागतात. शेतमाल वाहणाऱ्या पिकअपमध्ये कॅम हेडमध्येच असेल, तर मात्र चेन किंवा पट्टा बांधून ठेवल्याशिवाय हेडला हात लावू नये.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार काढावी, गिअर न्यूट्रल ठेवावा, पाणी काढून टाकावे आणि डिझेल फवारणारे सर्व नोझल बाहेर घ्यावेत. नोझल निघाल्यावर दाब राहत नाही व पुलीच्या बोल्टाला पाना लावून क्रँक हाताने सहज फिरतो. तो इंजिन चालताना फिरतो त्याच दिशेने फिरवावा. चार सिलिंडर असतील तर टीडीसीच्या खुणेपासून पाव फेरा पुढे नेऊन थांबावे, म्हणजे चारही पिस्टन साधारण मध्यावर राहतात. तीन सिलिंडर असतील तर एक पिस्टन तळाशी न्यावा. उरलेले दोन वरच्या टोकापासून सुमारे एक-तृतीयांश खाली राहतात. डिझेल इंजिनात पिस्टन वर असताना तो आणि हेड यांच्यामध्ये साधारण एक मिलिमीटरचीच फट असते, त्यामुळे हेड पुन्हा बसवताना आणि रॉकर आवळताना एकही पिस्टन अगदी वर नसणे व्हॉल्व्हच्या सुरक्षिततेसाठी हितकारक ठरते.

क्रँक न फिरवण्याचे कारण वेट लायनरमध्ये आहे. हे लायनर पाण्यात उभे असतात आणि त्यांना वरून हेडच दाबून धरते. हेड नसताना क्रँक फिरला, तर पिस्टनच्या रिंगा लायनरला वर ओढतात, तळाच्या ओ-रिंगची बैठक मोडते आणि नवे गॅस्केट घालूनही पाणी तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरते. साफसफाईसाठी क्रँक फिरवणे भागच असेल, तर हेडच्या बोल्टांना पाइपचे तुकडे व जाड वॉशर घालून प्रत्येक लायनर आधी दाबून धरावा. आपल्या इंजिनाचे लायनर वेट आहेत की ड्राय, हे मेस्त्रींना विचारूनच कामाला सुरुवात करावी.

बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत सैल करावेत आणि पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून खोचून ठेवावेत. उघड्या सिलिंडरमध्ये स्वच्छ कोरडे कापड घालावे. ब्लॉकचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासू नये, कारण त्याची खर ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग कापते. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी आणि डिझेलने ओला केलेला कपडा पुरेसा होतो. बोल्टांच्या बंद भोकांत पाणी किंवा ऑइल राहिले, तर आवळताना त्याच्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो, म्हणून ती भोके हवा मारून कोरडी करावीत. हेड सरळ आहे की वाकले आहे हे सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) पाहावे, तसेच लायनर ब्लॉकच्या किती वर आहेत तेही मोजून पुस्तिकेतील मापाशी ताडावे.

बसवताना बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळावेत. हाताच्या अंदाजावर विसंबू नये. टॅपेटची (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधील) फट पुस्तिकेप्रमाणे लावावी आणि नोझल बसवण्यापूर्वी इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पाहावे. कोठेही अडल्यास जोर न लावता तेथेच थांबून कारण शोधावे.

रेडिएटरमध्ये पुन्हा कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी भरू नये. त्या क्षाराचा थर पाण्याच्या वाटांत साचतो, हेडची उष्णता बाहेर पडत नाही आणि पुढच्या हंगामात हेच काम पुन्हा निघते. कूलंट आणि शुद्ध पाणी उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळून घालावे. ऑइल व फिल्टरही बदलावेत. डिझेल लाइनमधील हवा काढून इंजिन सुरू केल्यावर पहिले काही तास हलकेच काम द्यावे, आणि गॅस्केट पुन्हा आवळण्याच्या प्रकारातले असेल तर सांगितलेल्या तासांनंतर बोल्ट आवळून टॅपेट पुन्हा तपासल्याशिवाय ट्रॅक्टर रोटाव्हेटरला जोडू नये.