गाडी वळवताना ‘कट-कट’ आवाज येतोय? दोष असा शोधा

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर एक पावसाळा काढलेली गाडी वळताना पुढून ‘कट-कट’ वाजू लागली, की गॅरेजमध्ये पहिला शब्द ऐकू येतो तो ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण तसाच आवाज स्ट्रटचं (पुढच्या चाकावरच्या शॉक ॲब्झॉर्बर आणि स्प्रिंगच्या संचाचं) बेअरिंग, सस्पेन्शनचा लिंक रॉड, स्टीअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड एंड किंवा थेट स्टीअरिंग व्हीलच्या आतूनही येऊ शकतो, आणि या प्रत्येकाचा खर्च वेगळा आहे. म्हणून गाडी उघडायला देण्याआधी अर्धा तास स्वतः द्या. आवाज नेमका कधी येतो हे सांगता आलं, तर निम्मं काम झालं.

आधी साध्या गोष्टी

टायरच्या खाचांत अडकलेली खडी काढा. व्हील कॅप हलवून बघा. मग पाना लावून चाकाचे सगळे नट तपासा. पंक्चर काढल्यावर नट नीट न आवळल्यामुळेही चाक कट-कट करतं, आणि हा दोष सगळ्यांत धोकादायक आहे. नट सैल निघाले तर समोरासमोरचे आलटून पालटून आवळा.

गाडी उभी असताना

सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन सुरू. सोसायटीचं पार्किंग यासाठी चांगलं, कारण भिंतींमुळे आवाज ठळक ऐकू येतो. मात्र बंद बेसमेंटमध्ये इंजिन फार वेळ चालू ठेवू नका. एकाने स्टीअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावं, दुसऱ्याने बाहेर चाकाजवळ कान द्यावा.

स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा ‘टण्’ आवाज आला, तर स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगवर संशय घ्या. बॉनेट उघडून स्ट्रटच्या टोकावर तळहात ठेवला की धक्का हाताला जाणवतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बोटं घालू नका. बाहेर काहीच ऐकू येत नाही आणि आत मात्र हाताखाली टिक-टिक होते, असं असेल तर स्टीअरिंग कॉलम किंवा आतली क्लॉक स्प्रिंग (हॉर्न आणि एअरबॅगच्या तारेची गुंडाळी) बघावी लागेल. हॉर्न अधूनमधून बंद पडणं किंवा एअरबॅगचा दिवा पेटणं ही क्लॉक स्प्रिंग बिघडल्याची नेहमीची खूण. तिथे एअरबॅग बसवलेली असते, त्यामुळे घरी काहीही उघडू नका.

गाडी चालवत

आता मोकळ्या आवारात, रहदारीपासून दूर, स्टीअरिंग एका बाजूला जवळपास पूर्ण वळवा आणि हलका ॲक्सिलरेटर देत गोल फिरा. मग दुसऱ्या बाजूला. त्यानंतर रिव्हर्समध्येही. चाकाच्या लयीत कट-कट-कट आलं, वेग वाढल्यावर ते जलद झालं आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर मंदावलं, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा, झिजलाय. टॉवरच्या पोडियम पार्किंगचा वळणदार रॅम्प चढताना हा आवाज पहिल्यांदा जाणवतो तो यामुळेच: चाक पूर्ण वळलेलं असतं आणि इंजिनचा जोरही त्याच वेळी लागतो.

या जॉइंटमध्ये साधारण सहा पोलादी गोळ्या वक्र खाचांतून फिरतात, भोवती ग्रीस आणि त्यावर रबराचा बूट. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, खड्ड्यातलं पाणी आणि वाळू आत शिरते आणि खाचा झिजतात. म्हणून चाक वळवून आतल्या बाजूला टॉर्च मारा. बुटाला चीर असेल, रिमच्या आत काळं ग्रीस उडालेलं दिसत असेल, तर पुरावा मिळाला. दोन्ही बाजू बघा, नुसत्या वळणाच्या दिशेवरून डावा की उजवा हे ठरवू नका.

बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा अशा, फक्त मागच्या चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांत पुढे हा जॉइंटच नसतो. तिथे कोणी पुढचा ड्राइव्ह शाफ्ट बदलायला सांगितलं, तर दुसरं गॅरेज गाठा.

सरळ जातानाही स्पीडब्रेकरवर खट-खट होत असेल, तर बहुधा लिंक रॉड. तो स्वस्त आहे आणि चटकन बदलतो. रिव्हर्समधून पुढे निघताना फक्त एकदाच ‘टक’ होणं म्हणजे बऱ्याचदा ब्रेक पॅड जागेवर सरकणं. त्यासाठी जॉइंट बदलू नका.

चाक हलवून बघणं

मागच्या चाकांना आधी अडण लावा, मग जॅक लावून पुढचं चाक उचला आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवताना खेळ (सैलपणा) जाणवला तर टाय रॉड एंड, वर-खाली धरून जाणवला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोलाकार सांधा) किंवा व्हील बेअरिंग. बॉल जॉइंट ढिला निघाला तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. तो निसटला की चाक आडवं पडतं.

दुरुस्ती

बूट फाटलाय पण आवाज अजून नाही, अशा वेळी लगेच साफसफाई, नवं ग्रीस आणि नवा बूट एवढ्यावर भागू शकतं. आवाज सुरू झाल्यावर ग्रीस भरून उपयोग नाही, झिजलेल्या खाचा भरून येत नाहीत. जॉइंट किंवा पूर्ण शाफ्ट बदला. वागळे इस्टेटमध्ये असो की तुर्भ्यात, मेकॅनिकला दोन गोष्टी आधीच सांगा: काढलेला पार्ट दाखव, आणि ॲक्सलचा (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा) नट नवा लाव, टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेला जोर मोजणाऱ्या पान्यानेच आवळ. त्याचा टॉर्क चाकाच्या नटांपेक्षा बराच जास्त असतो, तो अंदाजाने साधत नाही. स्ट्रटचं बेअरिंग बदलताना दाबलेली स्प्रिंग सोडवावी लागते, ते काम घरी करू नका.

टाय रॉड एंड बदलला किंवा स्ट्रटचे बोल्ट सोडले, तर व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. गाडी ताब्यात घेण्याआधी तेच गोल फेरे पुन्हा मारा, दोन्ही बाजूंना. आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर चाकाचे नट परत एकदा तपासा.