रेड लावलं, पण दुसऱ्या डिस्कवरून मशीन उठतंय का?

उद्यमबागेतलं मशीन शॉप, शहापुरातली पतसंस्था, निपाणीतला तंबाखू व्यापारी. बेळगाव भागात सर्व्हरच्या कामात नव्यानं उतरणाऱ्याला गिऱ्हाईक असंच मिळतं: मशीन एक, डिस्क दोन, रेड कार्डाला (डिस्क एकत्र जोडून चालवणाऱ्या हार्डवेअरला) पैसे नाहीत. मग लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड, म्हणजे एमडीएडीएम (mdadm) ही आज्ञा. रेड-१, म्हणजे एकच डेटा दोन्ही डिस्कवर, लावलं की पोरं निर्धास्त होतात. डेटा दोन्हीकडे असतो हे खरं, पण मशीन बूट होणं ही वेगळी गोष्ट आहे.

पहिली डिस्क मेली तरी चालू मशीन चालतच राहतं, कुणाला पत्ता लागत नाही. मग खानापूरच्या पावसात रात्री वीज जाते, यूपीएस संपतो, आणि सकाळी काळा पडदा. कारण बायॉसला (मशीन चालू होताच पहिल्यांदा चालणाऱ्या प्रोग्रॅमला) रेड कळत नाही. तो डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला कोड उचलतो, आणि पार्टिशनांचा ॲरे (रेडनं जोडलेला संच) त्या सेक्टरची नक्कल करत नाही. म्हणून ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, बसवणारी ग्रब-इन्स्टॉल आज्ञा एसडीए आणि एसडीबी (पहिली आणि दुसरी डिस्क) दोन्हींवर चालवायची. डेबियन-उबुंटूवर ग्रब-पीसी हे पॅकेज रीकॉन्फिगर करून यादीत दोन्ही डिस्कवर खूण केली की अपडेटच्या वेळीही ग्रब दोन्हीकडे बसतो. डिस्कवर जीपीटी (नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) असेल तर दोन्हींवर १ एमबीचं बायॉस बूट पार्टिशन हवं.

यूईएफआय, म्हणजे बायॉसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर, याची तऱ्हा निराळी. फर्मवेअरला फॅट ३२ ही साधी फाइल सिस्टम वाचता येतं, एवढंच. काही जण ईएसपीचंच (बूटच्या फाइली असलेल्या फॅट पार्टिशनचंच) रेड-१ करतात, मेटाडेटा (रेडची स्वतःची नोंद) १.० ठेवून, तो पार्टिशनच्या शेवटी असल्यानं फर्मवेअरला साधं फॅट दिसतं. (१.२ सुरुवातीलाच, ४ केबीवर बसतो, तो इथे चालत नाही.) पण फर्मवेअरनं काही लिहिलं तर ते एकाच डिस्कवर पडतं आणि दोन प्रती जुळेनाशा होतात. मला दोन सुटे ईएसपीच बरे वाटतात: फाइली कॉपी करायच्या, ईएफआयबूटएमजीआर या आज्ञेनं फर्मवेअरच्या बूट यादीत दुसरी नोंद घालायची, एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या फाइलीत) 'नोफेल' लिहायचं. नाहीतर गेलेल्या डिस्कची वाट बघून सिस्टम इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते.

एवढं झाल्यावर परीक्षा घ्यायचीच, तीही गिऱ्हाइकाच्या समोर. एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलीत) [यूयू], म्हणजे दोन्ही डिस्क चालू, दिसतंय बघा, बॅकअप घ्या, मशीन बंद करा, पहिल्या डिस्कची साटा केबल काढा. कॅशियर म्हणणारच, "चांगलं चाललंय की ओ सर, वायर कशाला काढताय?" काढा. मशीन उठून [_यू], म्हणजे पहिली गायब, दुसरी चालू, दिसलं तर जमलं. मशीन बंद करून केबल परत लावा, डिस्क ॲरेत घाला आणि सिंक संपेपर्यंत दुसऱ्या डिस्कला हात लावू नका. मोठ्या डिस्कला तासन्‌तास लागतात. तोवर चहा, कुंदा, जे मिळेल ते.

पुढे कधी डिस्क खरोखर बदलाल तेव्हा एसजीडिस्क या आज्ञेनं चालू डिस्कचं पार्टिशन टेबल नव्या डिस्कवर उतरवायचं, ॲरेत घालायचं, हे सगळ्यांना आठवतं. एमडीस्टॅट [यूयू] दाखवतं, बिल होतं. नव्या डिस्कवर ग्रब मात्र बसलेलाच नसतो.