डबा घेऊन निघण्याआधी

पोळी, भाजी, वरण, भात, धुतलेले डबे, गाडीत पेट्रोल. हे सांगायची गरज नाही.

आपण ज्या आजारी माणसांना डबा पोचवतो, त्यांच्या प्रत्येक घरी आदल्या संध्याकाळी फोन करून आज काय खाल्लं, काय उलटलं ते विचारा. आपल्याकडची यादी महिन्याची, माणसाची तब्येत रोजची. किमोनंतर, म्हणजे कॅन्सरच्या औषधांनंतर, तोंड आलेलं असेल तर मिरची, आंबट बंद; मऊ खिचडी, पातळ वरण द्या. डायलिसिसवाल्यांचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यात करा. सांगलीत शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही, पण थकलेल्या मूत्रपिंडाला त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून कूट नाही, टोमॅटो नाही, नारळ नाही. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी ओतून द्या. ‘कमी सोडियमचं’ मीठ तर घरात आणूच नका, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियमच घातलेलं असतं. तासगावचे बेदाणे कुणी कितीही प्रेमाने दिले तरी या डब्यात नकोत.

आता झाकण. नीट वाचा. मागच्या वेळी हेच राहिलं. गावभागातल्या एका आजींकडे संध्याकाळी रिकामा डबा आणायला गेले, तर डबा भरलेला, झाकण तसंच घट्ट आणि आजी सकाळपासून उपाशी. गरम वरण भरून स्टीलचा डबा लगेच बंद केला की आत वाफ कोंडते, ती निवली की झाकण आत ओढलं जातं. आपल्यालाही ते जोर लावून काढावं लागतं. अर्धांगवायूने एक हात गेलेल्या माणसाने काय करायचं? किमोच्या काही औषधांनी बोटं बधिर होतात. डायलिसिसचा फिस्टुला (सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हातावर जोर द्यायचा नसतो. तेव्हा भरल्यावर वाफ जाऊ द्या, मगच झाकण लावा, आणि घरात गेल्यावर ते स्वतः उघडा. ताटात वाढा, चमचा हाताशी ठेवा. कडीला पिशवी अडकवून ‘काकू, डबा ठेवलाय हो’ म्हणून निघून यायचं नाही. घाई असली तरी नाही. झाकण उघडल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

वाटेचा क्रम अंतरावरून लावू नका. जेवणाआधी इन्शुलिन घेणाऱ्यांचं घर पहिलं. सुई टोचून माणूस बसला आणि डबा विश्रामबागच्या सिग्नलला अडकला तर साखर झपाट्याने उतरते. डबा हातात पडल्याशिवाय सुई नको, हे त्यांनाही बजावून ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात भात फार वेळ फिरवू नका, तो लवकर नासतो आणि वासावरून दर वेळी कळत नाही. डब्यावर नाव मोठ्या अक्षरात लिहा, झाकणावर आणि अंगावरही, कारण झाकणं बदलतात.

दार वाजवल्यावर थांबा, त्यांना उठायला वेळ लागतो. शेजाऱ्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांची इशारा पातळी गाठण्याआधीच सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोडकडच्यांना विचारून घ्या, कुठे हलणार, कुणाकडे. 45 ला धोका पातळी, तेव्हा फोन लागतीलच असं नाही. कोरडं खाणं देऊन ठेवा, तेही सहज उघडेल अशा डब्यात.

रिकामे डबे आणताना किती उरलं ते वहीत लिहा. दोन दिवस निम्मं उरलं तर घरच्यांना त्याच दिवशी कळवा.